विद्यार्थ्यांनी राजकारण बोलावे काय?

एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना महादेव गोविंद रानडे यांनी एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली होती आणि त्या तुलनेत इंग्रजी राज्य उणे ठरले होते. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीची कदर करणारे गृहस्थ होते. तथापि, जे सरकार तुला शिकविते त्याच सरकारला नावे ठेवणे बरे नव्हे, अशी समज देऊन त्यांनी या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली व रानडे त्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे आपल्याकडील विद्यापीठीय शिक्षण आणि विद्यार्थ्याच्या राजकीय मताला झालेली शिक्षा, या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत.

ग्रँटसाहेबांचा आक्षेप आजही संपलेला नाही. तो आता आम्हांला साहेबांच्या तोंडून नव्हे, तर आईबापांच्या तोंडून ऐकू येतो. आमच्या धर्मग्रामातील खोपट भागात राहणारी तरुण मुले गेली काही वर्षे महिन्यातून एकदा सभागृहात जमून वर्तमानपत्रातील एखाद्या विषयावर बोलतात. २०२४ साली लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन्ही निवडणुका आल्या, तेव्हा या बोलण्याला साहजिकच धार चढली. त्या दिवसांत एक माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणार होता. "फादर, ही चर्चा बंद करा. उद्या कोणी तक्रार केली तर माझ्या मुलाचे कसे होईल? मुलांनी शिकावे, राजकारण मोठ्यांनी बघावे," असे तिने कळवळून सांगितले. तिची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. ती कोठून आली हे पाहण्यासाठी आम्ही जुनी पुस्तके पुन्हा उघडली, आणि त्यात जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रानड्यांनंतरची पिढी टिळक-आगरकरांची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात हे दोन विद्यार्थी रात्र रात्र वाद घालीत. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, सरकारी नोकरी पत्करावी की न पत्करावी, देश अज्ञानात का बुडाला, हे त्यांचे विषय. त्यांच्या आवाजाने शेजारच्या खोलीतील मुलांची झोपमोड होत असे, असे सांगतात. या वादातून काय निष्पन्न झाले? १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्या वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. मजेची गोष्ट अशी की, मूळ वाद मात्र मिटला नाही. तो पुढे वर्तमानपत्रांतून गाजला, आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढले. महाराष्ट्राचे निम्मे वैचारिक जीवन या एका वसतिगृहातील अपुऱ्या राहिलेल्या भांडणावर पोसले गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आमचे ठाणेही या बाबतीत मागे नव्हते. 'अरुणोदय' हे पत्र येथे १८६६ साली सुरू झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे अवघे एकवीस वर्षांचे होते. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे हेच ते भावे. ज्या गावात वर्तमानपत्र आहे आणि ते बसून वाचावयास जागा आहे, त्या गावातील मुलांना राजकारण बोलू नका असे सांगणे कठीणच होते.

सांगण्याचा प्रयत्न मात्र झाला. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट महाराष्ट्रात आली. त्या ऑक्टोबरात पुण्याला विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य रँग्लर परांजपे हे सज्जन आणि विद्वान. संस्थेला सरकारी रोष पत्करावा लागू नये, ही त्यांची चिंता. टिळकांनी 'केसरी'तून या गुरुजनांवर जळजळीत टीका केली. आज शंभराहून अधिक वर्षांनी पाहता आम्हांला दोन्ही पक्षांची अडचण दिसते. संस्था चालविणाऱ्याला अनुदान, मान्यता, इमारत, नोकरवर्ग या सर्वांचा विचार करावा लागतो, हे शाळांच्या कारभारात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. पण दहा रुपयांच्या दंडाने त्या मुलांच्या मनातील प्रश्न काही मिटला नाही.

१९०७ च्या मे महिन्यात हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांचे परिपत्रक निघाले. शाळकरी मुलांना राजकीय सभांना जाण्याची बंदी, कॉलेजातील विद्यार्थ्यांवर व शिक्षकांवर निर्बंध, आणि जी संस्था हे पाळणार नाही तिचे अनुदान व सवलती काढून घेण्याची तरतूद, असे त्याचे स्वरूप होते. हे परिपत्रक बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, त्यात शिक्षेचा दंडुका विद्यार्थ्यांच्या पाठीवर कमी आणि संस्थेच्या पाठीवर जास्त आहे. सरकारने स्वतः मुलांची तोंडे बंद करावयाची नाहीत. ते काम मुख्याध्यापकाने करावे, त्याच्या मागे व्यवस्थापनाने करावे, आणि व्यवस्थापनाच्या मागे पालकांनी करावे, अशी ती योजना. भीती वरून खाली झिरपत घरापर्यंत कशी पोहोचते, याचा याहून स्वच्छ नमुना आम्हांला ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९०९ च्या जूनमध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना, कविता छापल्याच्या आरोपावरून, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, अनंत लक्ष्मण कान्हेरे या मुलाने कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. जॅक्सन बदली होऊन नाशिक सोडणार होते. संस्कृतचे जाणकार म्हणून लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. कान्हेरे मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, इंग्रजी शिक्षणासाठी औरंगाबादला राहिलेला. खटल्यात त्याला, कृष्णाजी गोपाळ कर्वे यांना आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशीची शिक्षा झाली. १९ एप्रिल १९१० रोजी या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा होता.

खोपटच्या एस.टी. आगारापासून हा तुरुंग पायी अर्ध्या तासाच्या आत येतो. मूळचा तो किल्ला. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला आणि काम पुरे होण्यापूर्वीच, १७३७ साली, मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली येथूनच निसटला. अंदमानला जाण्यापूर्वी सावरकरांनाही येथे ठेवले होते. रोज बसमधून त्या तटावरून जाणाऱ्या आमच्या कॉलेजातील मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, त्यांच्याच वयाच्या एका मुलाचे आयुष्य या भिंतींच्या आत संपले.

येथे जपून बोलले पाहिजे. रिस्ले यांच्या परिपत्रकामुळे नाशिकचा कट झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अभिनव भारत ही गुप्त संस्था १९०४ सालचीच, परिपत्रकाच्या तीन वर्षे आधीची. आणि खून तो खूनच; मारणाऱ्याच्या वयाने किंवा हेतूने पाचव्या आज्ञेचा अर्थ बदलत नाही. पण धर्मगुरू या नात्याने आम्हांला एक प्रश्न वारंवार पडतो. बाबारावांच्या शिक्षेने पेटलेल्या त्या मुलाने आपला संताप उघडपणे मांडावा आणि एखाद्या वडीलधाऱ्याने "तुझे दुःख खरे आहे, पण तुझा मार्ग चुकीचा आहे," असे त्याला तोंडावर सांगावे, अशी जागा त्या वेळी कोठे उरली होती? शाळेत नाही, सभेत नाही, वर्तमानपत्रांवर खटले भरलेले. उरली ती कुजबुज. आणि कुजबुजीत मतभेद करणारा कोणी नसतो. तेथे सगळे एकमताचेच भेटतात.

आता आपल्या घराकडे वळू. ठाणे, साष्टी आणि मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, घेतले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण निराळे, येथल्या मातीतले आणि कंपनी सरकारच्या काळापासून इंग्रजी अमलाखाली नांदणारे, हे सरकारच्या नजरेस आणावे व नोकऱ्यांत आपला वाटा टिकावा, हा त्यातील हिशेब. आम्ही त्याला दोष देत नाही. शेतीवाडी आणि मासेमारीवर गुजराण करणाऱ्या समाजाला रेल्वेची आणि कचेरीतली नोकरी म्हणजे केवढा आधार! पण ज्या घरातली चूल सरकारी पगारावर पेटते, त्या घरात सरकारविषयी बोलताना दार लावून घेण्याची सवय लागते. सरकार बदलले, तरी सवय मागे उरते. आमच्याकडे आलेल्या त्या मातेच्या कळवळ्यात आम्हांला हे जुने लावलेले दार दिसले.

त्याच समाजात जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले, हेही तितकेच खरे. १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे उत्तनचे. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण, काही काळ वनखात्यात सरकारी नोकरी, म्हणजे समाजाने आखून दिलेल्या वाटेवरच ते चालले होते. ती सोडून ते केंब्रिजला गेले, तेथे त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९९ साली ते बॅरिस्टर झाले. आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. आयरिश लोक कॅथलिक, त्यांची मागणी सनदशीर, आणि त्यांच्यावर राज्य करणारे सरकार तेच, जे आपल्यावर करीत होते. परतल्यावर ते टिळकांचे निकटचे सहकारी झाले, १९०८ च्या खटल्यात त्यांच्या साहाय्याला उभे राहिले. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता ते बॅप्टिस्टांकडे आले आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. पुढे कामगार चळवळ, १९२० ची अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, १९२५ साली मुंबईचे महापौरपद. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते निवर्तले. लोक त्यांना 'काका' म्हणत. आमच्या घरांतून सायबांच्या नोकरीच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात; काका बॅप्टिस्टांचे नाव मात्र कित्येक मुलांना माझगावच्या बागेवरील पाटीपुरतेच ठाऊक असते. हे आमच्या मते उलटे झाले आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची गोष्ट तर याहून अद्‌भुत. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठात शिकणाऱ्या आदेओदातो बार्रेतो, तेलो द मास्कारेन्यस आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२८ साली 'इंदिया नोवा', म्हणजे 'नवा भारत', या नावाचे पत्र काढले. भाषा पोर्तुगीज, गाव पोर्तुगालमधले, आणि विषय हिंदुस्थानचा स्वाभिमान! बार्रेतो १९३७ साली ऐन तारुण्यात वारले. मास्कारेन्यस यांनी पुढे मुंबईहून 'रेसुर्जे गोवा' हे पत्र चालविले, पोर्तुगीजांनी त्यांना पकडून पोर्तुगालच्या तुरुंगात टाकले, आणि गोवा १९६१ साली मुक्त होऊनही त्यांची सुटका व्हावयास १९७० साल उजाडले. विद्यार्थिदशेत मांडलेले मत या माणसाने चाळीस वर्षे सांभाळले.

एका प्रसंगाचा उल्लेख येथे टाळता आला असता, पण तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजात बायबलचे तास सक्तीचे होते. त्या सक्तीविरुद्ध श्रीपाद अमृत डांगे या विद्यार्थ्याने चळवळ उभारली आणि त्याला कॉलेजातून काढण्यात आले. हेच डांगे १९२१ साली 'गांधी विरुद्ध लेनिन' ही पुस्तिका लिहून पुढे आले आणि कम्युनिस्ट चळवळीचे नेते झाले. विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनचे, आपले नव्हे, असे म्हणून आम्ही हात झटकणार नाही. पवित्र शास्त्र हे हजेरीपटाच्या धाकाने ऐकविण्याची वस्तू नाही, हे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे रास्तच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केला, तेव्हा श्रद्धा सक्तीने लादता येत नाही हेच तत्त्व तिने साऱ्या जगाला सांगितले. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात तरुणांना नागरी आणि राजकीय शिक्षण देण्याची निकडही स्पष्ट शब्दांत नमूद आहे. सेमिनरीत हा परिच्छेद शिकताना आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला नव्हता, तर भिंतीवरच्या फलकावर वर्तमानपत्रांची कात्रणे लावून त्यावर रोज जेवणानंतर वाद घालीत होतो.

गांधीजींची भूमिका या प्रश्नात दोन्ही बाजूंना सोयीची वाटते. १९२० साली त्यांनी विद्यार्थ्यांना सरकारी शाळा-कॉलेजे सोडण्यास सांगितले. त्यातूनच १९२१ साली पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. १९४१ च्या 'रचनात्मक कार्यक्रमा'त मात्र विद्यार्थ्यांनी पक्षीय राजकारणात पडू नये, ते शोधक आहेत, असे त्यांनी लिहिले. पालक हे दुसरे वचन पुढे करतात. पण शोधक हा शब्द नीट घ्यावा. जो शोधतो त्याला विचारावे लागते, आणि जो विचारतो त्याला गप्प बसून चालत नाही. पक्षाचा झेंडा हाती न घेणे वेगळे आणि देशाच्या कारभाराविषयी मत नसणे वेगळे. १९४२ च्या आंदोलनात बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील मुरबाडजवळच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी प्राण दिले. तो काळच निराळा, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या काळाकडे येऊ.

मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. आम्ही त्या पहिल्या पिढीतले. त्या नोव्हेंबरात झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत अठरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा रांगा लावल्या. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत विद्यार्थी निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. कॉलेजातील निवडणुका म्हणजे पैसा, दमदाटी आणि बाहेरच्या पुढाऱ्यांचा हात, असे चित्र झालेच होते. या घटनेने सगळे हादरले. अखेरीस १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. म्हणजे देशाचा पंतप्रधान कोणाच्या हाती द्यावयाचा हे ठरविण्याचा हक्क मुलांना मिळाला, आणि पाच वर्षांत वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा गेला! २००६ साली लिंगडोह समितीने अशा निवडणुकांसाठी खर्च, वय, हजेरी यांचे नियम घालून दिले व सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. रक्त सांडले म्हणून दार बंद करणे समजू शकते; पण त्या मधल्या दोन दशकांत मतभेद पचविण्याची सवय मुलांना कोणी लावावयाची, याचा विचार ना कायद्याने केला, ना आम्ही मंडळींनी.

आमच्या सभागृहातील चर्चा बंद केली नाही. त्या मातेला आम्ही सांगितले की, मुलाला पाठवावयाचे की नाही हे तिने व त्याने मिळून ठरवावे. पण एकदा स्वतः येऊन बसावे. चर्चेचे नियम मुलांनी केले आहेत. एकाच बातमीसाठी दोन निरनिराळ्या मतांची वर्तमानपत्रे आणावयाची. ज्याला विरोध करावयाचा त्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगावयाचे, मगच आपले. पक्षाची टोपी, बिल्ला, रुमाल दाराबाहेर. कोणाच्या जातीवर, धर्मावर, आईबापांवर शब्द गेला तर त्या दिवशीपुरते बोलणे बंद. दुसरा नियम सर्वांत जड जातो, असा अनुभव आहे. चांगले वक्तृत्व असलेली मुले तेथेच अडखळतात.

ती माता आली. मागच्या बाकावर रोझरी हातात घेऊन बसली. त्या संध्याकाळी विषय होता महागाईचा. तासाभराने तिने हात वर केला आणि रेशनवरच्या धान्याविषयी मुलांनी सांगितलेली माहिती कशी अपुरी आहे, हे दहा मिनिटे समजावून सांगितले. तिचा मुलगा खाली मान घालून हसत होता. पुढच्या महिन्यासाठी मुलांनी २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातील विद्यार्थी परिषदेचे कलम निवडले आहे, आणि त्याच्या प्रती काढून आणण्याचे काम त्याच मुलाकडे आहे.